शॉवरमध्ये गरम आणि गार पाण्याचा मेळ कसा बसवायचा

मिक्सरचा दांडा मधोमध ठेवला तरी पाणी गारच येतं. गरम बाजूला किंचित सरकवला की एकदम चटका बसतो. कुणी फ्लश दाबला की तेवढ्यापुरतं जमलेलं तापमानही बिघडतं. अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते: मोठा गीझर येतो, नाहीतर प्रेशर पंप. दोन्ही खर्चाचे, आणि बऱ्याचदा दोन्ही निरुपयोगी, कारण पाणी तापवण्यात काही खोट नसते आणि टाकीतही पुरेसं पाणी असतं. गरम पाणी शॉवरपर्यंत येता येता वाटेत कुठेतरी अडखळत असतं.

शॉवरला किती पाणी मिळणार हे जोरदार बाजू ठरवत नाही, कमजोर बाजू ठरवते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचं सगळं सोपं आहे. आधी कमजोर बाजू शोधायची, ती मोकळी करायची, आणि तरीही तफावत उरली तरच जोरदार बाजूला आवर घालायचा. हा क्रम उलटा केला की पाण्याचं तापमान जमतं, पण शॉवर मरतुकडा होतो.

आधी थोडा हिशेब

समजा गीझरचं पाणी ६० अंश सेल्सिअस आहे आणि नळाचं २०. अंगावर घ्यायला साधारण ३८ ते ४० अंशांचं पाणी बरं वाटतं. ६० आणि २० चं पाणी निम्मं-निम्मं मिसळलं की ४० मिळतं. आता गरम बाजूने मिनिटाला ४ लिटर येतंय आणि गार बाजूने १० लिटर, असं धरा. दोन्ही पूर्ण उघडले तर १४ लिटर पाणी पडेल, पण ते जेमतेम ३१ अंशांचं असेल. ४० हवं असेल तर गार पाणीही ४ लिटरवर आणावं लागेल, म्हणजे एकूण ८ लिटर. गार बाजूचे उरलेले ६ लिटर असून नसल्यासारखे. तेच गरम बाजू साफसूफ करून ७ लिटरवर आणली तर ४० अंशांचं पाणी मिनिटाला १४ लिटर मिळेल. पंप नाही, नवा गीझर नाही.

यातून आणखी एक गोष्ट कळते. दोन्ही बाजू अगदी तंतोतंत सारख्या करण्याचा हट्ट नको. गीझर ५० अंशांवर असेल आणि नळाचं पाणी २५ असेल, तर ४० अंशांसाठी ६० टक्के गरम लागतं. ऋतू बदलला की हे प्रमाण बदलणारच. आपल्याला दोन्ही बाजू एकमेकींच्या जवळपास आणायच्या आहेत, म्हणजे मिक्सरच्या दांड्याला दोन्हीकडे खेळायला जागा राहते. सगळं ठरतं ते दांड्याच्या बोटभर हालचालीत, ही अवस्था मोडायची आहे.

दाब आणि प्रवाह यांत नवख्यांची गल्लत होते. पाण्याची दर १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या तोंडापेक्षा ३ मीटर वर असेल तर हाताशी असलेला दाब फक्त ०.३ बार. गरम आणि गार दोन्ही पाइप एकाच टाकीतून आले असतील तर सगळे नळ बंद असताना दोन्हीकडे दाब सारखाच असतो. गीझरच्या तोंडाशी एकेरी झडप, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी, असेल तर तापून फुगलेल्या पाण्यामुळे गरम बाजूला उलट जास्तच दाब दिसेल. म्हणून बंद नळावर गेज लावून 'दोन्हीकडे प्रेशर ठीक आहे' असं कुणी सांगितलं तर त्यावरून काही ठरवू नका. पाणी वाहू लागलं की प्रत्येक पाइप आपापल्या वाटेवर दाब खातो आणि फरक तिथे पडतो.

किती खातो? आतून १५ मिलिमीटर मोकळा असलेला, म्हणजे अर्धा इंची पाइप घ्या. त्यातून मिनिटाला १० लिटर पाणी गेलं तर १० मीटर लांबीत साधारण ०.९ मीटर उंचीइतका दाब संपतो. तोच पाइप २० मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण इंची असेल तर जेमतेम ०.२ मीटर. हाताशी मुळात ३ मीटरच असतील तर पाऊण मीटरचा हा फरक मोठा आहे. पंपाचा २ बार दाब असेल, म्हणजे २० मीटर, तर तो जाणवणारही नाही. त्यामुळे एका घरात ज्या उपायाने शॉवर सुधारला तो दुसऱ्या घरात का चालत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. इंटरनेटवरचे सल्ले वाचताना सल्ला देणाऱ्याकडे उंचावरची टाकी आहे की दाबाची लाइन, हे आधी बघा.

पाण्याची वाट कागदावर काढा

पाना हातात घेण्याआधी कागद-पेन घ्या. गार पाणी कुठून निघतं, वाटेत किती ठिकाणी फुटतं, शॉवरपर्यंत कसं येतं. गरम पाणी गीझरमध्ये कुठून शिरतं आणि बाहेर पडून कुठून फिरतं. प्रत्येक अँगल कॉक, स्टॉप कॉक, लवचिक पाइप, एकेरी झडप (प्लंबर तिला एनआरव्ही म्हणतात) आणि कोपरा खुणेने दाखवा.

या कागदावर दोन प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. पहिला, दोन्ही पाण्यांचा उगम एकच आहे का? गार पाणी पंपाच्या लाइनवर आणि गरम पाणी उंचावरच्या टाकीतून नुसतं उतारावर, ही जोडणी सगळ्यात त्रासदायक. सोलर हीटर असलेल्या घरांत ती हमखास दिसते. तिथे झडपा आवळून फारसं हाती लागत नाही, उगमच बदलावा लागतो. दोन वेगळ्या टाक्या असतील तर दिवसभरात त्यांची पातळी वेगवेगळी उतरते आणि सकाळी बसवलेला मेळ दुपारी सुटतो. टाकीची उंची मोजताना तळापासून नाही, पाण्याच्या पातळीपासून मोजायची, हे याचसाठी.

दुसरा प्रश्न, शॉवरच्या गार लाइनवर आणखी कोण कोण आहे? फ्लश टँक, वॉशिंग मशीन, बेसिन, जेट स्प्रे. यांतलं काहीही सुरू झालं की गार बाजूचा दाब पडतो आणि शॉवर अचानक गरम होतो. हे चटक्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे आणि यात गीझरचा काही दोष नसतो.

मोजणी: बादली आणि घड्याळ

ही मोजणी गीझर बंद करून, आतलं पाणी निवल्यावर करा. गरम पाण्याच्या वाटेतून गार पाणी गेलं तरी अडथळा तोच राहतो, आणि हात भाजायची भीती नाही. गीझरचा मुख्य स्विच बंद हवा, नुसतं तापमानाचं बटण कमी करून चालणार नाही.

शॉवरचं डोकं पिळून काढा. खाली मापाची बादली ठेवा. मिक्सर पूर्ण गरम बाजूला करून ३० सेकंद पाणी घ्या, लिटर मोजा, दुप्पट करा. तसंच पूर्ण गार बाजूचं. मग मधोमध ठेवून. हे तीन आकडे लिहून ठेवा. आता डोकं परत बसवून तेच तीन आकडे घ्या. शेवटी डोकं बसवलेलंच ठेवून कुणाला तरी फ्लश दाबायला सांगा आणि टाकी भरत असताना गार बाजूचा आकडा पुन्हा घ्या.

एवढ्यावर बरंच काही कळतं. डोकं काढल्यावर दोन्ही बाजू जोरात आणि बसवल्यावर दोन्ही मंद, तर दोष डोक्यात आहे: छिद्रं क्षारांनी बुजली असतील, किंवा हलक्या दाबाला न पेलणारं मोठं, पसरट डोकं बसवलं असेल. असली 'पावसाळी' डोकी ०.३ बारवर पाऊस पाडत नाहीत, ठिबकतात. गार १० आणि गरम ४ असा फरक असेल तर गरम वाट तपासायची. दोन्ही ३-४ लिटरवरच अडकल्या असतील तर मेळाचा प्रश्नच नाही, मुळात दाब कमी आहे. फ्लशच्या वेळी गार बाजू निम्म्यावर येत असेल तर लाइन वाटून घेण्याचा प्रश्न आहे.

आणखी एक चाचणी करा, कारण तिच्यात न दिसणारा चोर सापडतो. साठवणीच्या गीझरकडे जाणारी गार पाण्याची झडप पूर्ण बंद करा आणि बेसिनचा फक्त गरम नळ उघडा. थोडं पाणी येऊन धार थांबायला हवी. थांबलीच नाही, तर गार पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून मागच्या दाराने गरम लाइनमध्ये घुसतंय. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून पुढे हातातल्या शॉवरचं बटण बंद ठेवायची सवय असेल, तर हे रोज होत असतं. जिथे दाब जास्त तिथलं पाणी दुसऱ्या लाइनमध्ये ढकललं जातं. मग घरभर 'गरम पाणी कोमट येतंय' अशी तक्रार सुरू होते आणि बिचाऱ्या गीझरची कॉइल बदलली जाते.

कमजोर वाट मोकळी करणं

गरम बाजू कमजोर असेल, आणि बहुधा तीच असते, तर शॉवरकडून गीझरकडे उलट जात एकेक जागा तपासा. आधी फुकटातल्या.

अँगल कॉक आणि स्टॉप कॉक पूर्ण उघडे आहेत का? हास्यास्पद वाटेल, पण मागच्या दुरुस्तीच्या वेळी बंद केलेला कॉक अर्धाच उघडलेला सापडणं अगदी नेहमीचं. जुन्या पिळाच्या कॉकमध्ये आतला वॉशर सुटून तोंडाशी अडकतो; बाहेरून कॉक पूर्ण उघडा दिसतो आणि पाणी मात्र धारभर येतं. मिक्सरच्या दोन्ही पायांत बारीक जाळ्या असतात, त्यांत वाळू, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि पाइपच्या कापणीचा चुरा साठतो. नव्या घरात शॉवर पहिल्या महिन्यातच मंदावला तर आधी या जाळ्या काढून बघा.

मग गीझरला जोडणारे लवचिक पाइप. बाहेरून जाड दिसणाऱ्या या पाइपांचा आतला मार्ग कधी कधी ८ मिलिमीटरच असतो, आणि वळवून कोंबलेला असेल तर तेवढाही नाही. माझ्या मते कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथे पडतो: रुंद मार्गाचे पाइप घ्या, लांबी मोजून घ्या, पीळ पडू देऊ नका.

गीझरच्या गार तोंडाशी एक सुरक्षा झडप असते. ती पाणी उलट जाऊ देत नाही आणि आतला दाब वाढला तर बाहेर सोडते. तिच्यात क्षार साठले की आत जाणारं पाणी अडतं. ती बदलायला हरकत नाही, पण काढून टाकायची नाही आणि तिच्या ठिबकण्याच्या नळीला बूच मारायचं नाही. २० अंशांचं १५ लिटर पाणी ६० अंशांवर गेलं की सुमारे पाव लिटरने फुगतं. त्या जास्तीच्या पाण्याला जायला जागा नसेल तर टाकी फुटू शकते. पाणी तापत असताना ती झडप थेंब थेंब गळते म्हणून तिला खराब ठरवणारे बरेच भेटतील, त्यांचं ऐकू नका. गीझर आणि ही झडप यांच्या मधे कुठलाही बंद होणारा कॉक बसवू नका.

क्षारयुक्त पाणी असेल तर गीझरच्या आत आणि गरम पाइपमध्येही थर बसतो. गरम बाजूचा प्रवाह वर्षागणिक हळूहळू उतरत गेला असेल आणि गार बाजू जशीच्या तशी असेल, तर हेच कारण धरा. गीझर उघडून साफ करणं हे विजेशी आणि दाबाशी संबंधित काम आहे, ते जाणकाराकडून करून घ्या. शॉवरचं डोकं मात्र स्वतःच पातळ व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवता येतं. छिद्रं सुईने खोदण्यापेक्षा ते बरं.

उंचावरच्या टाकीवर चालणाऱ्या गरम लाइनमध्ये हवा अडकणं ही वेगळीच कटकट. पाइप दारावरून वर चढून पुन्हा खाली उतरला असेल तर त्या उंच कमानीत हवेचा फुगा बसतो आणि कमी दाबाचं पाणी त्याला ढकलू शकत नाही. खूण अशी: धार येते, अडते, गुळगुळते, पुन्हा येते. गार बाजूचा दाब जास्त असेल तर गीझर बंद आणि निवलेला असताना मिक्सरचं तोंड तळहाताने दाबून दोन्ही बाजू क्षणभर उघडल्या की गार पाणी उलटं जाऊन फुगा मागे ढकलतं. पण कमान तशीच राहिली तर हवा परत येईल. पाइप एकाच दिशेने चढता किंवा उतरता नेणं, किंवा कमानीच्या माथ्यावर हवा सोडणारी झडप बसवणं, हा खरा उपाय.

एवढं केल्यावर पुन्हा मोजा. निम्म्याहून जास्त घरांचं काम इथे संपावं, असा माझा अंदाज आहे.

जोरदार बाजूला आवर

तफावत थोडीच उरली असेल, म्हणजे ७ आणि १० अशी, तर गार बाजूचा कॉक थोडा आवळा. आता गीझर तापवा, मिक्सर मधोमध पूर्ण उघडा, धारेत थर्मामीटर धरा आणि गार कॉक पाव-पाव फेरा आवळत ४० अंशांच्या आसपास आणा. दर वेळी अर्धा मिनिट थांबा, पाइपमधलं जुनं पाणी निघून जाऊ द्या. यासाठी बऱ्याच फेऱ्यांचा, पिळाचा कॉक चांगला. पाव फेऱ्यात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह नीट आवळता येत नाही. अर्धवट ठेवला की शिट्टी वाजवतो आणि बारीक फेरफार त्याला जमत नाहीत.

आवळलेल्या कॉकची एक मर्यादा आहे. तो पाणी वाहत असतानाच दाब खातो. धार थांबली की त्याच्या पुढेही पूर्ण दाब भरतो. म्हणून दोन्हीकडच्या मूळ दाबांतच मोठा फरक असेल, एक पंपावर आणि एक उतारावर, तर कॉक आवळून भागत नाही. तिथे दाब कमी करणारी झडप लागते, जी धार असो वा नसो, पुढचा दाब ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवते. ती गार लाइनवर, बाणाची दिशा बघून, आधी जाळीचा फिल्टर घालून बसवायची, आणि पुढे गेज लावून गरम बाजूच्या दाबाशी जुळवायची. ०.२-०.३ बारच्या उतारावरच्या लाइनवर ही झडप बसवण्यात अर्थ नाही. तिला स्वतःलाच चालायला काही दाब लागतो.

दोन्ही लाइनवर मिक्सरच्या आधी एकेक एनआरव्ही असली की पाणी एकमेकांत घुसणं थांबतं. कमी दाबाच्या लाइनवर मात्र हलक्या, झोकणाऱ्या पाकळीची झडप घ्या. कडक स्प्रिंगची झडप उरलासुरला दाबही खाऊन टाकते.

फ्लशवाल्या चटक्याला सोपा उतारा आहे. फ्लश टँकचा अँगल कॉक आवळून ठेवा म्हणजे टाकी सावकाश, दोनेक मिनिटांत भरेल. कुणाचं काही अडत नाही आणि शॉवरची गार बाजू स्थिर राहते. बांधकाम चालू असेल किंवा भिंती उघडणारच असाल तर याहून चांगलं करा: शॉवरसाठी गार पाण्याची स्वतंत्र लाइन थेट टाकीपासून आणा, आणि गीझरला जाणारी लाइन तिच्यातूनच, शॉवरच्या जवळून फोडा. उगम एक, वाट जवळपास एक, मग दाब पडला तरी दोन्हीकडे सारखा पडतो.

पंप बसवायचाच असेल तर

दोन्ही बाजू मुळातच मंद असतील, टाकी शॉवरच्या डोक्यावर मीटर-दोन मीटरच असेल, तर पंपाला पर्याय नाही. पण पंप कुठे बसतो यावर सगळं अवलंबून आहे. तो गार आणि गीझरची लाइन वेगळी होण्याआधी बसला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे तोच दाब जाईल. फक्त गार लाइनवर पंप बसवणं म्हणजे पैसे देऊन असमतोल विकत घेणं.

त्याआधी गीझरवरची पट्टी वाचा. त्यावर किती बार दाब चालतो ते छापलेलं असतं. धातूच्या टाकीच्या अनेक साठवण गीझरवर ८ बार असं लिहिलेलं आढळतं आणि घरगुती पंप त्याच्या बराच खाली राहतो. उघड्या तोंडाचे, म्हणजे हवेला वाट ठेवलेले गीझर आणि बिनदाबाच्या सोलर टाक्या यांच्या तोंडाशी पंप लावायचा नाही. सोलर टाकीच्या माथ्यावरची उभी नळी हवा आणि वाफ जाण्यासाठी असते, तिला बंद करणं धोक्याचं. अशा ठिकाणी पंप टाकीच्या बाहेर पडणाऱ्या लाइनवर लागतो, तोही गरम पाणी सोसणारा. दोन तोंडांचा जोडपंप मिळतो: एकाच मोटरवर दोन पंखे, एकातून गरम, दुसऱ्यातून गार. कमी दाबाच्या सोलर घरासाठी माझी पसंती त्यालाच.

पंपाबरोबर छोटी दाबाची टाकी घ्या. ती नसेल तर बारीक धारेत पंप सारखा चालू-बंद होतो, दाब हेलकावे घेतो आणि तापमानही त्याच्यामागे झुलतं.

मिक्सर बदलून काय साधतं

साधा मिक्सर फक्त प्रमाण ठरवतो, दाब बदलला की तो काहीच करत नाही. दाब-संतुलित मिक्सरमध्ये आत एक छोटा दट्ट्या दोन्ही पाण्यांच्या मधे सरकत असतो. गार बाजूचा दाब पडला की तो गरम बाजूही तेवढीच आवळतो. धार बारीक होते, पण चटका बसत नाही. तो दाब वाढवत मात्र नाही, जोरदार बाजूला कमजोर बाजूच्या पातळीवर आणतो. गरम बाजू मुळात ४ लिटरचीच असेल तर हा महागडा मिक्सर लावूनही शॉवर मंदच राहील, आणि दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

थर्मोस्टॅटिक मिक्सरमध्ये मेणाची कुपी असते. मिसळलेल्या पाण्याच्या उष्णतेने मेण फुगतं-आकसतं आणि त्यावर गरम-गारचं प्रमाण बदलत राहतं. दाब बदलो, गीझरचं तापमान बदलो, तो सावरून घेतो, आणि गार पाणी पूर्ण बंद पडलं तर गरम पाणीही तोडतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरात मी याच्याच बाजूने आहे: ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत गंभीर भाजू शकतं, ५० अंशांना काही मिनिटं लागतात, आणि लहान मुलांची त्वचा त्याहून लवकर भाजते. पण यालाही दोन्हीकडे काहीसा जवळपासचा दाब लागतो. किमान दाब आणि किती फरक चालतो हे सोबतच्या पत्रकात दिलेलं असतं, विकत घेण्याआधी ते वाचा.

चटका टाळायला साठवणीचा गीझर ४०-४५ वर आणून ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात. २० ते ४५ अंश हा त्यांचा आवडता टप्पा. साठवण ६० वर ठेवावी आणि थंड करण्याचं काम मिक्सरवर सोडावं.

जिथे दोष दाबाचा नसतोच

सुरुवातीला छान गरम आणि चार मिनिटांनी गार, तर मिक्सरला हात लावू नका. ६० अंशांच्या १५ लिटर साठ्यातून ४० अंशांचं साधारण ३० लिटर पाणी निघतं. मिनिटाला ८ लिटरचा शॉवर ते चार मिनिटांत संपवतो. साठा कमी आहे, एवढंच.

इन्स्टंट गीझरचं गणित उलटं आहे. ३ किलोवॅटचा गीझर मिनिटाला १ लिटर पाणी सुमारे ४३ अंशांनी तापवतो, २ लिटर असेल तर २१ अंशांनी, ४ लिटर असेल तर जेमतेम ११. इथे गरम बाजू मोकळी केली की पाणी आणखी गार होतं. त्याच्यावर मोठ्या शॉवरची अपेक्षाच ठेवू नये.

गॅस गीझरचा खोडसाळपणा आणखी वेगळा. आतून पुरेसं पाणी वाहिलं तरच त्याची ज्योत पेटते. मिक्सरमध्ये जोरदार गार पाणी मिसळलं की गरम बाजूचा प्रवाह दबतो, ज्योत विझते आणि शॉवर एकदम बर्फगार होतो. मग माणूस गार कमी करतो, ज्योत पेटते, चटका बसतो. इथे गार बाजू आधीच चांगली आवळून ठेवणं आणि गीझरवरची ज्योत कमी करणं, म्हणजे गार मिसळायची गरजच थोडी पडेल, हे लागू पडतं. हा गीझर बंद न्हाणीघरात मात्र कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग.

शेवटची तपासणी

सगळं बसल्यावर गीझर पूर्ण तापवून शॉवर मधोमध सुरू करा आणि थर्मामीटर धारेत ठेवा. कुणाला तरी आधी फ्लश दाबायला, मग बेसिनचा गार नळ, मग गरम नळ उघडायला सांगा. प्रत्येक वेळी तापमान दोन-तीन अंशांच्या आत राहिलं तर काम जमलं. पाच अंशांच्या वर उडी मारत असेल तर ज्या नळाने उडी मारली त्याच्या लाइनकडे परत जा.

पहिल्या मोजणीच्या कागदावरच आताचे आकडे आणि गार कॉक पूर्ण बंद स्थितीपासून किती फेरे उघडा आहे ते लिहा, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गीझरजवळ कुठेतरी चिकटवा. पुढच्या वेळी प्लंबरने कॉक फिरवला तर तुम्हाला पुन्हा चाचपडावं लागणार नाही. थर्मोस्टॅटिक मिक्सर असेल तर त्याची चकती महिन्यातून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, नाहीतर क्षारांनी जाम होते. आणि सहा महिन्यांनी बादली पुन्हा लावा: गरम बाजू लिटर-दीड लिटरने उतरली असेल तर आधी मिक्सरच्या जाळ्या काढून धुवा, मग गीझरची सुरक्षा झडप बघा.